सिवनीच्या पुढचा रस्ता

डाव्या पायडलचा क्रँक उजव्यापेक्षा पाऊण इंच आखूड भरला, तेव्हा सोनिकाला आधी आपल्याच हाताचा संशय आला. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना ती रोज बजावायची, दोनदा मोजा आणि मग तोंड उघडा. तिनं तिसऱ्यांदा मोजलं. उजवा पावणेसात इंच, डावा सहा. रॉकेलच्या फडक्यानं मळी पुसली तर डाव्यावरची चकाकीही निराळी निघाली. हा क्रँक या सायकलचा नव्हताच. कुठल्याशा लहान सायकलचा काढून इथं बसवला होता, आणि क्रँक घट्ट धरणारी काटरपिन नीट बसावी म्हणून त्याची खाच कानशीनं हळूहळू घासलेली होती. घाईचं काम नव्हतं ते. कुणाच्या तरी पायाचं माप घेऊन केलेलं होतं.

गोंदियातल्या तिच्या घरामागे पौषाचं ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात सायकल सुटी होऊन पसरली होती. इथं चाकाचा चिमटा, तिथं बेअरिंगच्या कटोऱ्या, ताटलीत छर्रे. नवरा वीरेंद्र सकाळीच म्हणून गेला होता, "ताटली तेवढी परत धुऊन ठेव. काल पोह्यात छर्रा निघाला."

सायकल तिच्या बाबूजींची, लखनलाल यांची. एक रेल्वेचे साहेब गोंदिया सोडून चालले तेव्हा त्यांच्याकडून घेतलेली. विलायती, बाटलीच्या काचेसारखी हिरवी, मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं हँडल, मागंपुढं कॅरियर, तीन गिअर. लांबच्या वाटेसाठीच जन्मलेली. चाळीस वर्षांपूर्वी याच सायकलवर बाबूजी धारला गेले होते. बाबूजींच्या पवार समाजाचे पूर्वज कधीकाळी माळव्यातून निघाले आणि वैनगंगेच्या अंगणात येऊन धान पेरू लागले, त्या माळव्यातल्या धारला. तिथल्या देवीच्या पायथ्याची माती लोट्यात भरून त्यांनी गावी आणली. ती माती समाजभवनाच्या पायात आहे, आणि दर वर्षी वसंत पंचमीला, राजा भोजाच्या जयंतीला, बाबूजींच्या खांद्यावर शाल पडते.

गावाची एक रीत आहे. लांबच्या देवाहून आलेल्या माणसाचे पाय शिवेवरच धुवायचे. तोवर त्यानं कुणाशी बोलायचं नाही. पाय धुतले की यात्रा फळली. मग तिला कुणी प्रश्न विचारायचे नाहीत. बाबूजींचे पाय गावानं असेच धुतले होते. आणि पुढच्या वर्षी लग्न होऊन आलेल्या सोनिकाच्या मायनं, रामबाईनं, त्यावर गाणं रचलं. धानाच्या रोवण्याच्या चिखलात वाकलेल्या बाया ते अजून म्हणतात:

बालाघाटची वो घाटी, सिवनीचा वो मेळा,
सोबती मागं फिरे, धनी चालला एकला.

हा मागं फिरणारा सोबती म्हणजे उदारामकाका. दरेकसाचे. बाबूजींसोबत निघाले, सिवनीत आजारी पडले आणि परत आले. सोनिका सात-आठ वर्षांची असताना ते घरी आले होते, तेव्हा त्यांच्या मांडीवर बसून तिनं टाळ्या वाजवत विचारलं होतं, "काका, तुमी अर्ध्यातून पळाले ना?" सगळे हसले. काकाही हसले. त्यांचा डावा पाय जन्माचाच आखूड होता. चालताना खांदा एका बाजूला पाण्यातल्या होडीसारखा झुकायचा.

सोनिकाच्या हातातला क्रँक एकदम जड झाला.

माती आणली त्या दिवसानंतर बाबूजी त्या सायकलवर कधी बसले नाहीत. माजघरात दोन खुंट्यांवर ती टांगली गेली, दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचं, आणि पोरांनी हात लावला तर बाबूजी खेकसायचे. यंदा चाळीस वर्षं झाली म्हणून समाजाच्या लोकांनी ठरवलं, त्याच सायकलवर त्यांची मुलगी धारला जाईल. सोनिका दर रविवारी शंभर-शंभर किलोमीटर सायकल चालवायची. तिचे पाय आधीच निघाले होते. बाबूजी मात्र कुरकुरले. "जुनीले कायले हात लावता? नवी घे ना एखादी." तिला वाटलं, जीव आहे त्यांचा हिच्यात.

त्याच दुपारी ती गावी गेली. बाबूजी ओसरीवर लाखोरीच्या शेंगा सोलत बसले होते.

"बाबूजी, तुमचे दोन्ही पाय सारखे हायेत ना?"

"आता म्हाताऱ्याचे पाय मोजाले आली काय? हायेत सारखे. तुह्या मायले विचार, तिनंच दाबले आयुष्यभर."

"मी कायले दाबीन?" आतून रामबाई म्हणाली. "मलेच कोणी दाबून देत नाही."

सोनिकानं क्रँक त्यांच्यापुढं ठेवला. बाबूजींनी तो हातात घेतला नाही. नुसता पाहिला, आणि शेंगा सोलणं सुरू ठेवलं. पण आता दाणे टरफलाच्या टोपलीत पडत होते आणि टरफलं दाण्यांत.

"साहेबाचाच असन."

"सायकल विलायती आन् क्रँक लुधियान्याचा? छाप हाय त्याच्यावर."

"मले काय मालूम? मी काय मिस्तरी हावो? जुन्या गोष्टी उकरून कोणाचं भलं होते बाई?"

तिनं तर अजून कुठलीच जुनी गोष्ट काढली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुटी टाकून ती दरेकसाच्या गाडीत बसली. सालेकसा गेलं, डोंगर जवळ आले, आणि पिशवीतला क्रँक गाडीच्या हिसक्यासरशी तिच्या गुडघ्याला टोचत राहिला. उदारामकाकांचं किराणा दुकान स्टेशनपासून हाकेवर. गल्ल्यावर त्यांची बायको सुशिलाबाई होती. तिनं सोनिकाला ओळखलं आणि पाणी द्यायच्या आधी म्हणाली, "आठवला काय रस्ता तुमच्या घरच्यायले?"

काका आतून आले. खांदा तसाच झुकत, उठत. सोनिकानं क्रँक त्यांच्या हातात दिला. त्यांचा अंगठा आपोआप खाचेवर गेला, जसा आंधळ्याचा हात आपल्या पोराच्या तोंडावरून फिरावा तसा.

"हे घासाले मले अखंड दुपार लागली होती," ते म्हणाले. "सिवनीत. एका दुकानाच्या ओट्यावर बसून."

"मंग बाबूजी कोठी होते?"

"राहू दे ना बाई. चहा पे."

"सांगा ना," सुशिलाबाई म्हणाली. "चाळीस वर्ष माह्यापाशीच कुरकुरले. आता जिचा बाप हाय ती आली त सांगा."

काकांनी सांगितलं. खाली पाहत, जणू चूक त्यांचीच आहे असं. सिवनीला पोचेपर्यंत लखनलालला कावीळ चढली. डोळे हळदीसारखे. पाच दिवस दवाखान्यात. "रडे तो. म्हणे, गावानं नारळ फोडून धाडलं, आता कोणत्या तोंडानं जाऊ. मी म्हणलं, तू बालाघाटात बहिणीच्या घरी पडून राय, तुह्या देवीची माती मी आणतो. माही सायकल ओझ्याची, त्याची हलकी. माह्या सायकलीचा आखूड क्रँक काढला आन् त्याच्या सायकलीले लावला. बस, एवढंच."

"एवढंच नाही," सुशिलाबाई म्हणाली. "नागऱ्याचं सांगा."

परत येताना गावाजवळ नागऱ्याच्या शंकराच्या देवळात काकांना लखनलाल भेटला. बालाघाटहून बसनं येऊन वाट पाहत बसलेला. दुपारभर त्यानं रस्ता विचारला. कुठं झोपला, काय खाल्लं, नर्मदामाई कशी दिसली. "मी सांगत गेलो. मले वाटलं, जिवाचा हाय, याले ऐकाची हौस हाय. मंग म्हणे, इथून गावापर्यंत मी बसून जाऊ काय? मी म्हणलं, बस. तुहीच त सायकल हाय. मी मागून पायी आलो. पायाचं त तुले मालूम हाय. पोचाले उशीर झाला. पाहतो त त्याचे पाय धुऊन झाले होते."

काका थांबले. दुकानात कुणी साबण मागायला आलं. सुशिलाबाईनं न पाहताच वडी पुढं सरकवली.

"कोणीतरी लखनले विचारलं, उदाराम मंग कसा दिसला नाही? त तो म्हणे, तो सिवनीतूनच परतला. तब्येत बिघडली त्याची. मी तठीच होतो बाई. हार घेऊन उभ्या लोकायच्या मागं."

"तुमी काऊन नाही बोलले?"

"पाय धुतले होते ना," काका म्हणाले.

सोनिकाला त्यांची मांडी आठवली. आपल्या टाळ्या आठवल्या. तिनं त्यांच्या पायाला हात लावला तेव्हा ते मागं सरकले. "नोको, नोको. तू लहान होती."

त्या संध्याकाळी घरी न जाता ती थेट गावी उतरली. बाबूजींना तिनं शेताच्या बांधावर गाठलं, रामबाईच्या कानापासून दूर. ती ओरडली नाही. तिनं सगळं सांगितलं आणि वाट पाहिली. आपले बाबूजी रागावतील, खोटं आहे म्हणतील, अशी एक खुळी आशा तिला शेवटपर्यंत होती.

बाबूजी बांधावर बसले. कापणी झालेल्या धानाच्या बुडख्यांकडं पाहत म्हणाले, "मी बोलणार होतो. पण बायायनं पाणी ओतलं. पाय धुतल्यावर कसं बोलाचं? मंग उद्या सांगू म्हणलं. मंग भवन बांधलं. मंग तुह्या मायनं गाणं केलं."

"आन् काकाले आजारी पाडलं ते? तेही पाण्यानंच पाडलं काय?"

बाबूजींनी आपला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "पंचमीले सांगतो. भरल्या सभेत. उदारामले बलाव. तुह्या डोक्यावर हात ठेवून सांगतो."

तिनं विश्वास ठेवला. लहानपणी ज्या हाताला धरून ती नाला ओलांडायची तो हात होता.

पुढचे दहा दिवस तिनं सायकलवर जीव ओतला. गंज खरवडून सांगाड्याला पुन्हा तोच हिरवा रंग दिला. लोखंडी रिमा काढून हलक्या ॲल्युमिनियमच्या घातल्या, एकेक स्पोक ताणून चाक असं सरळ केलं की फिरताना ते उभंच आहे असं वाटावं. मागचा चिमटा जरा फाकवून आठ गिअरचा नवा हब बसवला. काटरपिनांचं जुनं प्रकरण काढून टाकून बंद बेअरिंगचा नवा एक्सल टाकला, आणि त्यावर दोन क्रँक, सारख्या लांबीचे, तिच्या पायांचे. फक्त चामड्याची सीट तीच ठेवली. तेल पाजून पाजून ती मऊ केली. सीटवरचा खोलगट ठसा डावीकडं अधिक होता. आता तिला तो वाचता येत होता. काम करताना ती मायचं गाणं गुणगुणायची आणि दुसऱ्या ओळीशी येऊन थांबायची. वाटायचं, पंचमीनंतर माय ही ओळ बदलेल.

तिनं दरेकसाला फोन केला. सुशिलाबाईनं उचलला. "मी नाही येत. आन् तेह्यलेही येऊ देणार नाही. माणूस सत्तरीले टेकला का बदलते काय?"

"माह्या डोक्यावर बाबूजीनं हात ठेवला हाय काकी."

"तुहं डोस्कं हाय बाई. तेह्यले काय जाते?"

पण काका आले. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा. मांडवात सगळ्यांत मागं खुर्ची धरून बसले. सोनिकानं त्यांना पुढं आणलं, आग्रहानं, दंडाला धरून. समाजाचे अध्यक्ष खुशाल पटले यांचं भाषण झालं, चहा फिरला, सायकलला हार घातला. पुढच्या कॅरियरला कापडी पट्टी बांधली होती: "बाबूजींच्या पावलावर पाऊल." मग बाबूजी माइकपाशी आले.

ते सुरुवातीला अडखळले. बाबूजींनी एकदा समोर पाहिलं. पाहुणे, सोयरे, मांडीवर नातवंडं घेतलेल्या म्हाताऱ्या. आणि त्यांचा आवाज आपल्या जुन्या वाटेला लागला. बालाघाटची घाटी आली. सिवनी आली.

"सिवनीपर्यंत माह्यासोबत एक माणूस होता," ते म्हणाले, आणि सोनिकाचे डोळे भरून आले. "माहा जिवाचा सोबती, उदाराम. तब्येतीनं त्याले साथ देली नाही. पण तेथवर त होता ना! चाळीस वर्ष आपण त्याले विसरलो. आज त्याचाही मान झाला पायजे. ये उदाराम, वर ये."

टाळ्या पडल्या. चांगल्या मनानं पडल्या. खुशाल पटलेंनी स्वतः काकांना हात देऊन वर चढवलं, कारण पायरी उंच होती. बाबूजींनी काकांच्या खांद्यावर शाल घातली आणि मिठी मारली. काकांनी सभेला हात जोडले. शाल झुकत्या खांद्यावरून घसरली. बाबूजींनी ती प्रेमानं पुन्हा वर सारली.

सोनिका उभी होती तिथंच उभी राहिली. आपण ओरडावं, माइक हिसकावावा, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण काकांनी वरूनच तिच्याकडं पाहिलं आणि मान हलवली. अगदी थोडी. नोको.

तिनंच त्यांना आणलं होतं. दंडाला धरून.

नारळ फुटला. बायांनी ओवाळलं. माय तिच्या कानाशी म्हणाली, "सिवनीत दही खाऊ नोको, थंडी हाय." बाबूजी आशीर्वादाला आले तेव्हा हळूच बोलले, "नाव घेतलं ना त्याचं? मान देला ना? आता मन साफ ठेवून जा." त्यांच्या तोंडावर ओझं उतरल्यासारखं हसू होतं. तिला त्या हसण्याचीच भीती वाटली. ते खोटं नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की सगळं सांगून झालं.

गावाचा फाटा नागऱ्याला मोठ्या रस्त्याला लागतो. तिथवर मोटारसायकलींवर पोरं घोषणा देत आली आणि वळून गेली. फाट्यावरच्या पुलाच्या कठड्यावर काका बसले होते, गोंदियाच्या ऑटोची वाट पाहत. शाल घडी करून मांडीवर. सोनिका उतरली. तिनं सायकल स्टँडवर चढवली, मागचं चाक अधांतरी.

"गरम हाय शाल," काकाच म्हणाले. "सुशिलाले देतो. हिवाळा निघते तिचा."

"काका, मी तुमाले फसवून आणलं."

"तू कायले फसवते? तुले त्यानं फसवलं. मले त आता सवय हाय." त्यांनी सायकलकडं पाहिलं, मागच्या चाकाला बोटानं गती दिली. चाक बराच वेळ बिनआवाज फिरत राहिलं. "बेस केली बाई. आठ गिअर? मले तीन होते तेही भारी वाटत."

"काका, सिवनीच्या पुढचा रस्ता सांगा. तुमच्या तोंडून."

काका खुलले. असं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. हात वर करून ते सांगू लागले. छिंदवाड्याची चढण, बैतुलचं सागवान, एका पाटलानं खळ्यात झोपायला दिलं ते, आणि मग नर्मदा. "माई अशी पसरली होती, जशी कोणी नवऱ्या पोरीची चुनरी वाळत टाकली. मी हात जोडले आन् म्हणलं, माय, तुह्या अंगावरून जातो, माफ कर."

हे शब्द सोनिकाला पाठ होते. चुनरी, माफी, खळ्यातला पाटील. बाबूजी दर पंचमीला हेच, याच चालीत, याच हातवाऱ्यांत सांगायचे.

"हे बाबूजी सांगतात तसंच झालं, काका. जे त्यांनी कधी सांगतलं नाही ते सांगा. एखादंच."

काका आठवू लागले. कपाळाला आठ्या पडल्या. एक ट्रक गेला, बैलगाडी गेली. ते दोनदा तोंड उघडून थांबले.

"चाळीस वर्ष कोणाले सांगतलं नाही ना बाई," ते शेवटी म्हणाले. "जो तो लखनचंच सांगे. आता आठवाले बसलो का त्याचाच आवाज येते."

ऑटो आला. काकांनी आधी आखूड पाय आत घेतला, मग दुसरा. "जा तू. वेळ नोको करू," म्हणाले, आणि शाल छातीशी धरून गेले.

फोन वाजला. बाबूजी.

"कोठी पोचली? पोरं म्हणतात फाट्यावरून निघाली. आज बालाघाटले मुक्काम, उद्या सिवनी, तठून छिंदवाड्याचे लोकं हार घेऊन..."

"बाबूजी, मी सिवनीपर्यंतच जाऊन राहिली. तठून बसनं परत येतो."

"काऊन? तब्येत बरी नाही काय?"

"तब्येत बेस हाय. तुमी जेथवर गेले तेथवर जातो. पट्टीवर तेच लिहिलं हाय ना, बाबूजींच्या पावलावर पाऊल."

पलीकडं मांडवातल्या भांड्यांचा आवाज येत होता. पंगत बसत असावी.

"लोकं विचारतीन," बाबूजी म्हणाले. आवाज एकदम म्हातारा झाला होता.

"विचारतीन. तुमी सांगजा."

मग अगदी हळू, कुणी ऐकेल अशा धाकानं त्यांनी विचारलं, "तुह्या मायले सांगतलं काय तू?"

"नाही. तेही तुमचंच काम हाय," सोनिका म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबूजींच्या आधी तिनं फोन ठेवला.